तारखा तिथी बघून ठरवा

कोकणात समुद्राचे फोटो काढायला जायचं तर आंबा घाटाने रत्नागिरीत उतरायचं, ही सूचना पटली. लातूर-तुळजापूर-सोलापूर-कोल्हापूर हाच आपल्याला सोयीचा रस्ता. पण त्याच सूचनेतलं 'दिवाळीनंतर कुठलाही आठवडा चालेल' हे नाही पटत. आपण मराठवाड्यातली माणसं उजेडाचा विचार करतो, भरती-ओहोटीचा करत नाही, आणि समुद्राचा फोटो निम्मा तिच्यावरच ठरतो.

किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. अष्टमीला 6, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्यानंतर साधारण 6 तासांनी. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येला सूर्य बुडताना पाणी पार आत गेलेलं असतं आणि ओल्या वाळूत अख्खं आभाळ उतरतं. गणपतीपुळे, आरे-वारे हे किनारे त्याच दिवसांत ठेवा. अष्टमीच्या सुमारास संध्याकाळी भरती असते, तेव्हा खडकांवर फुटणाऱ्या लाटा मिळतील. फक्त ट्रायपॉड उंचावर लावा आणि पाण्याकडे पाठ करू नका. सकाळी सूर्य डोंगराआडून येतो, त्यामुळे पहाटे किनाऱ्यापेक्षा खाडी आणि जेटीवरच्या होड्या टिपा.