इस्तंबूल : एमिन्योन्यूच्या चौकात ज्येष्ठांना घेऊन जावे का?

विचारणा (सहकारनगर, पुणे)
ऑक्टोबरमध्ये आम्ही इस्तंबूलला जात आहोत. सोबत सासूबाई आहेत. त्यांना गुडघ्यांमुळे जिने फारसे चढवत नाहीत आणि त्या पूर्ण शाकाहारी आहेत. एमिन्योन्यूला ट्राम, बस आणि बोटी एकत्र येत असल्याने गर्दी बेसुमार असते, असे ऐकले. तेथे अर्धा दिवस द्यावा का? धक्क्यावर विकली जाणारी बॉस्फरस सामुद्रधुनीची सहल घ्यावी का?

कोथरूडकर
अर्धा दिवस अवश्य द्यावा, पण सकाळचा. स्वारगेट आणि मंडई एकमेकांना खेटून नदीकाठी वसवली तर जी धांदल होईल, ती तेथे दुपारनंतर असते, आणि धक्क्याकडून चौकाकडे येणाऱ्या भुयारी मार्गाच्या पायऱ्यांवर सासूबाईंना त्या वेळी रेटारेटीच सोसावी लागेल.

सहल मात्र घेऊ नये. दलाल हाका मारत मागे लागतात, भाव माणूस पाहून सांगतात. त्याऐवजी ट्रामच्या थांब्यावरील यंत्रातून इस्तंबूलकार्त (शहराचे प्रवासी कार्ड) घ्यावे आणि नोकरदार मंडळी ज्या बोटीने रोज ये-जा करतात, त्याच बोटीने कादिक्योयला जावे. वीसेक मिनिटांच्या त्या प्रवासात उजव्या बाजूच्या उघड्या बाकावर बसल्यास तोपकापी राजवाड्याचे टोक वळसा घेताना अगदी जवळून दिसते. छोट्या काचेच्या पेल्यातला कोरा चहा जागेवर मिळतो आणि खारे वारे चुकवणारे समुद्रपक्षी बोटीबरोबर उडत राहतात. बॉस्फरस ओलांडून आशियात पाऊल ठेवल्याचे समाधान सासूबाईंना मिळेल, ते वेगळेच. हेच कार्ड ट्राम, बस आणि समुद्राखालून जाणाऱ्या मार्माराय रेल्वेलाही चालते.

गलाता पुलाखालची उपाहारगृहे आणि मासळी-पावाचे ठेले तुमच्या कामाचे नाहीत. तेथला वासही सासूबाईंना सोसणार नाही. तीळ लावलेला सिमित नावाचा गोल पाव, भाजलेली कणसे आणि ऑक्टोबरात चेस्टनट हातगाड्यांवर मिळतात. मसाल्यांचा बाजार १६६४चा. त्याच्या भाड्यातून शेजारच्या येनी जामी म्हणजे ‘नव्या मशिदी’चा खर्च भागावा, अशी मूळ योजना होती. आतले दुकानदार आग्रही आहेत, म्हणून केशर किंवा सुका मेवा बाहेरच्या हासिर्जिलार गल्लीत पाहावा. रुस्तम पाशा मशीद जिना चढून वर असल्याने वगळली तरी चालेल.

औंधची प्रवासी
शेवटच्या वाक्याशी मी असहमत आहे. ऑटोमन वास्तुकार मिमार सिनानने बांधलेली ती सोळाव्या शतकातील मशीद त्याच गल्लीत दुकानांच्या वर आहे. जिना अरुंद आहे, पण एकच, आणि भिंतीला धरून सावकाश चढता येतो. वर गेल्यावर इझनिक गावच्या रंगीत चिनीमातीच्या फरशांवरील निळ्यात मिसळलेला टोमॅटोसारखा लाल रंग एवढ्या जवळून इतरत्र सहसा पाहायला मिळत नाही. सासूबाईंच्या डोक्यावरून घेण्यासाठी ओढणी जवळ ठेवावी. शुक्रवारी दुपारच्या नमाजाची वेळ टाळावी, आणि परतीला चालण्याचा कंटाळा आल्यास ट्रामने तिसऱ्याच थांब्यावर, सुलतानअहमतला उतरावे.