उंदराच्या भीतीवरून माणसाचं औषध: भरवसा ठेवायचा का?

खारीचा_वाटा:
उंदरांवरचं मेंदू-संशोधन माणसाच्या काही कामाचं नाही, असं इथे वरचेवर ऐकू येतं. मला पटत नाही. दिवा लावून लगेच पायाला शॉक दिला, की उंदीर पुढे नुसत्या दिव्यालाच दचकतो. नंतर शॉक न देता दिवा लावत राहिलं की भीती ओसरते. तो विसरत नाही, 'आता धोका नाही' हे नव्याने शिकतो. त्यासाठी अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी निगडित भागातले एनएमडीए रिसेप्टर, म्हणजे शिकण्याला लागणारे पेशींवरचे संदेश टिपणारे रेणू, लागतात. १९९२ मध्ये अमेरिकन मेंदू-संशोधक मायकेल डेव्हिस यांच्या गटाने ते औषधाने अडवले, तर भीती ओसरेना. २००२ मध्ये याच रिसेप्टरांना चालना देणारं डी-सायक्लोसेरीन दिलं, तर ती लवकर ओसरली. २००४ मध्ये उंचीला घाबरणाऱ्या माणसांनाही, आभासी उंचीवर नेऊन भीतीला सामोरं जायला लावणाऱ्या उपचाराच्या जोडीला ते देऊन फायदा दिसला. गंमत म्हणजे सायक्लोसेरीन हे टीबीचं जुनं औषध! आपल्याकडे नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या टीबीत ते अजून देतात.

कडूकारले:
पुढचं सोयीस्कर गाळलंत. इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या, युद्धाच्या मानसिक धक्क्यातून न सावरलेल्या अमेरिकन सैनिकांवर हेच वापरलं. २०१२ चा निकाल असा की औषधवाले खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा कमी सुधारले. २०१७ मध्ये सगळ्या चाचण्या एकत्र तपासल्या, फायदा निघाला तो चिमूटभर. उंदीर जागीच थिजला (प्रयोगांत भीती बहुधा यावरूनच मोजतात) म्हणजे त्याला आपल्यासारखी भीती वाटली, हे कुणी ठरवलं? अमिग्डालातल्या या सर्किटवर, म्हणजे पेशींच्या जोडणीवर, हयात घालवलेले संशोधक जोसेफ लडूच आता सांगतात की ते धोक्याला प्रतिसाद देतं, भीतीची जाणीव ही निराळी गोष्ट.

खारीचा_वाटा:
सैनिकांचं मान्य. पण औषध शिकणं पक्कं करतं, काय शिकायचं ते ठरवत नाही. सत्र संपताना माणूस घाबरलेलाच असेल तर भीतीच पक्की व्हायची. २००६ मध्ये उंदरांत नेमकं हेच दिसलं होतं: भीतीची आठवण जरा चाळवून थांबलं, तर औषधाने ती आणखी घट्ट होते. इशारा सहा वर्षं आधीच मिळाला होता, वाचला कुणी?

दुपारचा_चहा:
तुम्ही दोघंही नर उंदरांबद्दलच बोलताय. मेंदू-संशोधक रेबेका शान्स्की यांच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलं की बऱ्याच माद्या थिजण्याऐवजी सुसाट पळतात. फक्त थिजणं मोजणाऱ्याच्या वहीत अशी मादी 'घाबरली नाही' म्हणून जमा!

कडूकारले:
हे तर माझ्याच बाजूचं झालं.

दुपारचा_चहा:
छे. मोजणाऱ्याचं चुकलं, त्यात उंदरांचा काय दोष? माद्यांवर रिसेप्टरची औषधं नव्याने तपासा, मग भांडा.