विंगरची मांडी सीझनमध्ये तिसऱ्यांदा धरली. उरलेल्या मॅचेसना किती मिनिटं खेळवायचा?

पेठेतला मॅनेजर:
आमच्या फुटबॉल संघाचा उजवा विंगर, म्हणजे कडेनं पळणारा फॉरवर्ड, वय 22. उजव्या मांडीची मागची शीर या सीझनला तिसऱ्यांदा धरली. पहिल्यांदा 12 दिवस बसवला, दुसऱ्यांदा 3 आठवडे. दोन्ही वेळा चालताना, जॉगिंग करताना काही दुखत नव्हतं, म्हणून उतरवला. दोन्ही वेळा दुसऱ्याच मॅचला, शेवटच्या पंधरा मिनिटांत, लांब बॉलमागं सुटताना परत धरली. आता सोनोग्राफीत बारीक फाट दिसली, त्याला 16 दिवस झाले. पुढच्या 5 आठवड्यांत लीगच्या 3 मॅचेस, लगेच नॉकआउट चषक. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम, दुपारी 4 चं ऊन. पोरगं कॉलेजकडनं पण खेळतंय, वर रविवारी सात-सात जणांचं सेव्हन-ए-साईड. बसवला तर पेठ ऐकत नाही, खेळवला तर मोडतोय. जिम नाही, जीपीएस नाही. एक स्टॉपवॉच आणि गांधी मैदान, एवढंच आहे. कसं करावं?

फिजिओ राजारामपुरी:
दादा, ती शीर नव्हे, स्नायू आहे. पळताना धरतो तो बहुतेक वेळा बाहेरच्या बाजूचा, बायसेप्स फेमोरिस. फुल स्पीडला पाय पुढं फेकला जातो आणि पाऊल टेकायच्या ऐन आधी हा स्नायू ताणलेला असताना ब्रेक लावतो. फाटतो तो तिथंच. जॉगिंगमध्ये तो क्षण येतच नाही, त्यामुळं जॉगिंगला दुखत नाही यावरनं काहीच ठरत नाही. 3 आठवडे नुसता बसवल्यानं दुखणं गेलं, ताकद आली नाही, आणि स्पीडची सवय होती तीही गेली.

आता तारीख बघून उतरवू नका, टेस्ट बघून उतरवा. पाठीवर झोपवा, एका पायाची टाच 60 सेंटिमीटर उंच बाकावर, गुडघा किंचित वाकलेला, दुसरा पाय हवेत. कंबर पूर्ण वर, पूर्ण खाली. 20 च्या आत दमला तर कच्चा, 25 ठीक, 30 च्या वर चांगला. दोन्ही पायांत फरक 10 टक्क्यांच्या आत पाहिजे. मग गुडघा सरळ ठेवून पाय सावकाश वर उचलायला लावा. दोन्ही पाय सारखे वर आले आणि कुठं दुखलं नाही, तर तीच टेस्ट झटक्यात. इथं दुखलं नाही पण “भीती वाटत्या” म्हणाला, तरी नापास धरा. पोरं दुखणं लपवतात, ही भीती मात्र चेहऱ्यावर दिसते.

यात पास झाला की पळणं. 20 मीटर वेग वाढवत, 20 मीटर तोच वेग टिकवत, 20 मीटर सावकाश थांबत. असे 6 रन, एक दिवस आड. पहिल्या दिवशी फुल स्पीडच्या 70 टक्के, मग 80, 90, 95. मधल्या 20 मीटरला त्याचा बेस्ट 2.4 सेकंद असेल तर 80 टक्के म्हणजे 3.0 सेकंद, 90 टक्के म्हणजे 2.67. हातातल्या स्टॉपवॉचमध्ये 0.2 सेकंदाची चूक सहज होते, म्हणून मधल्या 20 मीटरच्या दोन्ही टोकांना खुणेचे कोन ठेवा, मोबाईलवर सेकंदाला 60 फ्रेमचा व्हिडिओ काढा आणि पहिल्या कोनापासनं दुसऱ्यापर्यंत फ्रेम मोजा. 144 फ्रेम म्हणजे 2.4 सेकंद. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी जड वाटली तर तीच पायरी परत करायची. 95 टक्क्यांचे दोन दिवस आणि संघाबरोबर दोन पूर्ण प्रॅक्टिस झाल्याशिवाय मॅच नाही. लीगची पहिली मॅच यात गेली तर जाऊ दे.

टचलाइन:
मिनिटांचं बोलतो. पहिली मॅच 25, दुसरी 45, तिसरी 65. पण ही मिनिटं सुरुवातीला द्या. 65 व्या मिनिटाला बेंचवरनं सोडायचा मोह होतो, आणि तेच चुकतं. तास-सव्वातास बसून अंग गार पडलेलं असतं, समोरची टीम दमल्यामुळं मोकळी जागा मिळते, आणि पोरगं पहिल्याच बॉलला फुल सुटतं. उतरवायचाच असेल तर आधीची 10 मिनिटं वॉर्म-अप, त्यात 30 मीटरचे दोन-तीन चढते स्प्रिंट. नॉकआउटला टायब्रेकरची किक मारायला पाहिजे म्हणून ओढत ठेवू नका. किती मिनिटं ते आदल्या रात्री ठरवा आणि पोराला, कोचला, मंडळातल्या मोठ्यांना तेव्हाच सांगा. गॅलरीतला आवाज चढल्यावर असले निर्णय होत नाहीत.

सेव्हन-ए-साईड 5 आठवडे बंद. छोट्या मैदानावर थांबणं-वळणं भरपूर, टॉप स्पीड मात्र लागतच नाही. पाय दमतो आणि ज्याची सवय लागायला पाहिजे ती लागत नाही. कॉलेजच्या सरांशी स्वतः बोला आणि दोघांची मिळून एकच वही ठेवा. खेळून अर्ध्या तासानं विचारायचं, 0 ते 10 मध्ये किती जड गेलं? 90 मिनिटं गुणिले 8, झाले 720. आठवड्याची बेरीज मागच्या 4 आठवड्यांच्या सरासरीच्या दीडपट व्हायला लागली की प्रॅक्टिस कापा. हा अंदाजच आहे, पण वहीच नसण्यापेक्षा लाख पटीनं बरा.

तालीमवाला:
नॉर्डिकचं, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूच्या व्यायामाचं, कुणी बोललं नाही. गुडघ्याखाली मॅटची घडी, जोडीदारानं मागनं घोटे दाबून धरायचे, आणि गुडघ्यापासनं डोक्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तेवढं सावकाश पुढं पडायचं. शेवटी हातावर झेलायचं, वर येताना हातानं ढकलून यायचं. कंबरेत वाकला की स्नायूवर ताण येत नाही, नव्वद टक्के पोरं तिथंच चुकतात. पहिला आठवडा एकदाच, 5 चे 2 सेट. दुसरा आठवडा दोनदा, 6 चे 2. तिसऱ्यापासनं तीनदा, 6 ते 8 चे 3. चौथ्याला 8 ते 10. सुरुवातीला मांडी भरून येते, म्हणून मॅचच्या आधीचे 3 दिवस करायचं नाही. मॅचेस लागून असतील तर एखादा दिवस गाळा. आणि हे सगळ्या संघाला लावा. हॅमस्ट्रिंगच्या, म्हणजे मांडीच्या याच मागच्या स्नायूंच्या, दुखापती साधारण निम्म्यावर येतात.

गंगावेस:
तीनच गोष्टी. नवी दुखापत झाली की पहिले 3 दिवस तेल लावून रगडायचं नाही, आत रक्त वाढतं. आणि मॅचआधी दुखणं मारायचं इंजेक्शन कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. फाटताना “टक” आवाज आला, मांडी काळीनिळी पडली किंवा दुखणं वर, बसायच्या हाडापाशी असलं, तर थांबू नका. एमआरआय काढून हाडांच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा, तिथं कधीकधी ऑपरेशन लागतं आणि उशीर महागात पडतो.

पेठेतला मॅनेजर:
आज सकाळी बाकावरची टेस्ट घेतली. डावा 31, उजवा 19. एवढा फरक असेल असं वाटलं नव्हतं. एक अडचण, चांगला असतानाचा त्याचा टायमिंग कुणीच घेतलेला नाही. 2.4 आणू कुठनं?

फिजिओ राजारामपुरी:
19 म्हणजे आजपासनं एक दिवस आड बाकावर टाच ठेवून कंबर उचलायच्या त्याच व्यायामाचे (ब्रिज) 3 सेट, दमायच्या दोन आधी थांबवून. नॉर्डिक आत्ता नको, 25 झाल्यावर. टायमिंगसाठी डिसेंबरच्या मॅचेसचं रेकॉर्डिंग शोधा. मधल्या सर्कलचा व्यास 18.3 मीटर असतो. काउंटरला तो सर्कलमधनं सरळ सुटलाय असा एखादा रन बघा आणि रेघ ते रेघ फ्रेम मोजा. रेकॉर्डिंग 30 फ्रेमचं असेल आणि 66 फ्रेम लागल्या तर 2.2 सेकंद, म्हणजे 20 मीटरला 2.4. असे दोन-तीन रन काढा, त्यातला सगळ्यात वेगाचा धरा.