प्रतिसाद : स्टॅन्ली गिबन्स आणि त्रिकोणी तिकिटांची पिशवी

खलाशांकडून मिळालेल्या टपाल तिकिटांच्या पिशवीमुळे इंग्लंडमधील स्टॅन्ली गिबन्स हा संग्राहकांसाठीचा तिकीटविक्रेता झाला, असे मूळ लेखात म्हटले आहे. त्यात थोडी भर घालतो. गिबन्सचा जन्म १८४० चा, म्हणजे पेनी ब्लॅक हे जगातले पहिले टपाल तिकीट निघाले त्याच वर्षीचा, आणि प्लिमथ येथील वडिलांच्या औषधांच्या दुकानात त्याने तिकिटांचा व्यवहार १८५६ मध्येच सुरू केला होता. केप ऑफ गुड होप या दक्षिण आफ्रिकेतील ब्रिटिश वसाहतीच्या त्रिकोणी तिकिटांची पिशवी त्याने दोन खलाशांकडून पाच पौंडांना घेतल्याची गोष्ट १८६३ ची सांगितली जाते. ही तिकिटे छिद्ररेषांशिवाय छापलेली असल्याने ती कात्रीने कापावी लागत, आणि घाईत एखादी कड हमखास छाटली जाई. म्हणूनच तिन्ही बाजूंना पांढरी किनार शाबूत असलेला नमुना आजही अधिक मोलाचा ठरतो. माझ्या मते मात्र त्याचे खरे कर्तृत्व १८६५ च्या छापील दरपत्रकात आहे, कारण त्यातूनच पुढे वाढलेल्या तिकीट-सूचीचे क्रमांक संग्राहक आजही वापरतात, अगदी आपल्या सिंध डाकेच्या, म्हणजे भारतातल्या सर्वांत पहिल्या टपाल तिकिटांसाठीसुद्धा. १८९० मध्ये त्याने हा व्यवसाय चार्ल्स फिलिप्स यांना २५,००० पौंडांना विकला.