ब्लायटी: अर्थ आणि उगम
'ब्लायटी' (Blighty) हा इंग्रजी बोलीतला शब्द. ब्लायटी म्हणजे इंग्लंड, पण पहिल्या महायुद्धात त्याला आणखी एक अर्थ होता. खंदकातल्या इंग्रज सैनिकांच्या बोलीत 'ब्लायटी' ही जखमसुद्धा होती. जिवावर बेतू नये, पण लढण्याच्या कामाचं ठेवू नये, अशी. हाताला किंवा पायाला गोळी लागली की मायदेशी रवानगी. अशी जखम व्हावी म्हणून माणसं आस लावून बसत, हे वाचून पोटात कालवतं.

मूळ अरबी 'विलायत', म्हणजे प्रांत. फारसीतून ते हिंदुस्थानीत आलं. 'विलायती'चं 'बिलायती' झालं आणि हिंदुस्थानातल्या गोऱ्या पलटणींनी त्याचं ब्लायटी केलं. सोडावॉटरला तेव्हा 'बिलायती पानी' म्हणत. आपली विलायती चिंच मात्र मूळची मेक्सिकोकडची. त्या नावात विलायती म्हणजे नुसतं परदेशी.