फोर बाय फोर आणि काळी माती

गावाकडे राहणाऱ्याने फोर बाय फोरच, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना मिळणारी गाडीच घ्यावी, असे मत काही जण मांडतात. ते मला सरसकट पटत नाही. माझा अनुभव मराठवाड्यातील काळ्या जमिनीचा आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाल्यापासून अनेक गावांपर्यंत डांबरी रस्ते पोहोचले आहेत, त्यामुळे खरी अडचण उरते ती गाव ते शेत या पाणंद रस्त्याची, आणि तीही मुख्यतः पावसाळ्यात. काळी माती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचांत घट्ट भरून बसते आणि चाक गुळगुळीत होते. अशा वेळी दोनाऐवजी चारही चाकांना जोर मिळाला, तरी डांबरी रस्त्यासाठीच्या उथळ खाचांच्या टायरांवर चारही चाके जागच्या जागी फिरत राहतात. म्हणून खोल खाचांचे टायर आणि जमिनीपासून पुरेशी उंची यांना मी आधी महत्त्व देईन. शिवाय फोर बाय फोरमुळे ब्रेक अधिक चांगले लागत नाहीत, हे ओल्या उतारावर विसरले की अपघात होतो.

मात्र ज्यांना रोज दुधाचे कॅन घेऊन चिखलाचा चढ चढावा लागतो किंवा शेतातून भरलेली ट्रॉली ओढावी लागते, त्यांना अनेक फोर बाय फोरमध्ये असणाऱ्या लो रेंज गिअरचा, म्हणजे वेग कमी करून चाकांचा जोर वाढवणाऱ्या गिअरचा, उपयोग निश्चित आहे. इतरांनी जादा किंमत, वाढलेले वजन आणि डिझेलचा खर्च यांचा हिशेब करावा. आमच्याकडे बहुतेकांच्या बोलेरो मागच्या दोन चाकांवरच चालतात, आणि अतिवृष्टीत त्या अडकल्याच तर शेजारचा ट्रॅक्टर येतोच.