कदंब, कळंब की हेदू? झाड ओळखण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. बडोद्यात आमच्या सोसायटीच्या कुंपणालगत एक जुने झाड आहे. सगळे त्याला कदंब म्हणतात, मला मात्र ते पटत नाही. पाने समोरासमोर, अखंड कडांची असून दोन देठांच्या मधोमध उपपर्णांची (देठाच्या बुडाशी येणाऱ्या छोट्या पानासारख्या भागांची) जोडी कोवळ्या कळीला झाकून असते, त्यामुळे झाड कॉफीच्या कुळातले, म्हणजे रुबिएसीतले, याबद्दल मला शंका वाटत नाही.

अडचण पुढची आहे. कदंबाचा फुलगेंद (चेंडूसारखा फुलांचा गुच्छ) चांगला लिंबाएवढा, केशरी-पांढरा आणि फांदीच्या टोकाला सहसा एकटाच येतो, तर आमच्या झाडाचे गेंद त्याहून बरेच लहान, फिकट पिवळसर आहेत. हेदू म्हणावे, तर त्याची पाने देठापाशी ठळक हृदयाकृती असतात. इथे ती लंबगोल आहेत. म्हणून मला हा कळंब, म्हणजे मित्राग्याना पार्विफोलिया वाटतो. त्याच्या कुक्षीचा (फुलातील स्त्रीकेसराच्या टोकाचा) आकार टोपीसारखा असतो आणि ‘मित्राग्याना’ हे प्रजातीचे नावही त्यावरूनच पडले आहे, पण फांद्या उंच असल्यामुळे ताजे फूल हाती लागलेले नाही.

फुलांवाचून, केवळ उपपर्णांचा आकार आणि वाळलेली फळे यांवरून कळंबाची खात्री करता येईल का? कदंबाची फळे एकमेकांना दाटीने खेटून मांसल गोळा बनतो, तर कळंब आणि हेदू यांची सुटी बोंडे तडकतात, एवढे मला ठाऊक आहे. या दोघांच्या बोंडांत नेमके काय पाहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. कुंपणाच्या कामासाठी हे झाड तोडण्याची चर्चा सुरू आहे, आणि सभेत बोलण्यापूर्वी मला त्याची ओळख पक्की हवी आहे.